चार हात भिंत

"आबा, थांबा! वायर काढू नका!" मी जिन्यावरूनच ओरडले. उपयोग शून्य. माझा आवाज पातळ, आणि पातळ आवाज आबांना ऐकूच येत नाहीत. शेवटी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं, तेव्हा त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"काय गं डिंपल?"

"भोंगे हलवायचे नाहीत. मी खाटेला जागा काढून देते."

"चार वाजता तुझी अक्का येतेय. खाट कुठं घालू, डोक्यावर?"

अक्का म्हणजे माझी आजी, सुगंधाबाई. महिन्यापूर्वी ती घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आज तिला जळगावच्या दवाखान्यातून सुट्टी होती, बाबा आणायला गेले होते. जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. भुसावळच्या आमच्या घरात झोपायच्या खोल्या वर. खाली फक्त हॉल, स्वयंपाकघर आणि बाथरूम. म्हणजे खाट हॉलमध्येच येणार. आणि हॉलच्या समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत, माझ्या हनुवटीएवढे उंच, आबांचे भोंगे उभे.

भोंगे म्हटलं की लोकांना मंडपावरचे आठवतात. माझ्या मैत्रिणी तर घरी आल्या की विचारतात, "कुठंयत गं भोंगे? ही तर कपाटं आहेत!" आबांनी रिटायर झाल्यावर प्लायवूड कापून ते स्वतः बनवले. आत लाकडी भिंतींची नुसती भुलभुलय्या. आवाज तिच्यातून वळत, रुंद होत येतो आणि पेटीच्या दोन्ही बाजूंनी भिंतीलगत बाहेर पडतो. "पेटीत अर्धाच भोंगा आहे, उरलेला अर्धा म्हणजे घराच्या भिंती," असं आबा सांगतात. म्हणून कोपरा पाहिजे. शिवाय कोपऱ्यापासून दोन्हीकडे चार हात भिंत मोकळी पाहिजे. तिथे सोफा चालत नाही, शोकेस चालत नाही, आईची मनीप्लांटची कुंडीसुद्धा चालत नाही. वरच्या खोल्यांत तर कोपऱ्याकोपऱ्यात दारं. तिकडे भोंगे नेले तर त्या नुसत्या पेट्याच उरणार.

आणि हा काही आबांचा निव्वळ शौक नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाइनजवळ ड्यूटी केली. त्यात बारीक आवाज कायमचे गेले. कानाचं मशीन लावलं की म्हणतात, पत्र्यावर कुणीतरी चमचे टाकतंय. ते मशीन ड्रॉवरमध्येच असतं. उरलेत ते जाड, खालचे आवाज. मृदंग, तबल्याचा डग्गा. तेही या भोंग्यांतून आले तरच नीट कळतात, कानाला थोडे आणि छातीला जास्त. भोंगे गेले की आबांचं ऐकणंच संपलं. हे आईला माहीत होतं, मलाही. बोलत मात्र कुणी नव्हतं.

मी यंदा दहावीत. जूनमध्ये भर वर्गात उभं राहून मी विज्ञानाच्या सरांची चूक दाखवली आणि बरोबर मीच निघाले. तेव्हापासून मला गप्प बसणं जमत नाही. मी खडू घेतला, उजव्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसले आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, एक हात, दोन हात, तीन, चार. तिथे रेघ मारली. रेघेपासून बाथरूमच्या दारापर्यंत टेप लावला.

"बसतेय! आई, खाट बसतेय! वर चार बोटं उरतायत!"

"खरंच?" आई कणीक भरल्या हातांनीच बाहेर आली. "बघ बाई, नीट मोजलंस ना?"

"हो गं! मी काय आज शाळेत जायला लागले?"

शेजारचे लीलाधरकाका टेम्पोतून खाट घेऊन आले. दवाखान्यासारखी लोखंडी, हँडल फिरवलं की पाठ वर होणारी. ती आणि तिची जाडजूड गादी त्यांनी रेघेला अगदी चिकटवून लावली. "आबा, नात इंजिनियर होणार तुमची," असं म्हणून चहा पिऊन ते गेले. मी तर हवेत होते!

आबांनी मृदंगाची सीडी लावली. डोळे मिटले. मग उघडले. आवाजाचं बटण थोडं वाढवलं, पुन्हा वाढवलं. खिडकीची काच थरथरली.

"डावा बोलतोय," ते म्हणाले. "उजवा तोंडातल्या तोंडात."

ते खाली बसले. बसताना त्यांचा गुडघा वाजला. मग भिंतीला हात लावून मोजू लागले. त्यांचा चौथा हात माझ्या रेघेच्या चांगला वीतभर पुढे, खाटेखाली जाऊन टेकला.

मला कळलंच.  चार हात म्हणजे आबांचे चार हात! त्यांनी आपल्या हाताने भोंगे बनवले, आपल्या हाताने जागा ठरवली, आणि मी माझ्या एवढ्याशा हाताने मोजत बसले होते.

आबा रागावले नाहीत. उलट हसले. "तुन्हा हात लहान शे बेटा. त्यात तुझी काय चूक?" आणि पुन्हा पक्कड उचलली.

तीन वाजत आले होते. एकच जागा उरली होती. दोन्ही भोंग्यांच्या समोर, बरोबर मधोमध, मागच्या भिंतीला. तिथे आबांची वेताची खुर्ची अकरा वर्षं ठेवलेली. दोन्हीकडचा आवाज सारखा मिळतो असं घरात ते एकच ठिकाण. पाहुण्यांनासुद्धा आम्ही तिथे बसू देत नाही.

मी त्यांच्यासमोर जाऊन बोट दाखवलं. "आबा, खुर्चीची जागा."

"डिंपल!" आई दबक्या आवाजात ओरडली. "काहीपण काय बोलतेस?"

आबांनी खुर्चीकडे पाहिलं. मग बाथरूमच्या दाराकडे. खुर्चीपासून त्या दारापर्यंत पावलं टाकली. सहा भरली. "वॉकर घेऊन तिची नऊ होतील," ते स्वतःशीच म्हणाले. पक्कड खिशात घातली, खुर्ची उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. "मोहिनी, तिकडून धर," असं आईला म्हणाले. खाट आम्ही तिघांनी ओढली.

अक्का चार ऐवजी पाचला आली. बाबांनी तिला खाटेवर बसवलं, पाठीमागे उशी दिली. तिने मान फिरवून इकडेतिकडे पाहिलं.

"हाई ते तुमनी जागा शे," ती आबांना म्हणाली.

"आते तुन्ही."

"मंग तुम्ही कोठे बसशात?"

"बसाले काय, इतलं मोठं घर शे."

"पण ते ढमढम नका लावजात. बठ्ठं घर हालस. मन्हं हाड आते जोडायनं."

आबा "बरं" म्हणाले. सीड्यांच्या खोक्यात बराच वेळ शोधत राहिले. लावली ती बासरी. साथीला हलका तबला, बस. मी आबांकडे बघतच राहिले. तबला सुरू होईपर्यंत त्यांना त्यातलं काहीही ऐकू येणार नव्हतं.

त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून खाटेसमोर ठेवलं, भोंग्यांकडे पाठ करून. अक्काने डोळे मिटले होते.

"चालू झायी का?" त्यांनी विचारलं.

अक्काने डोळे उघडले नाहीत. चादरीवरचं एक बोट तेवढं वर केलं, आणि सूर जसा चढला-उतरला तसं ते हळूहळू हलवत राहिली. आबा पुढे वाकून त्या बोटाकडे बघत होते.