न थांबता बत्तीस मैल

“वहिनी, रिंगा नव्या हायेत, पिस्टन नवा हाय. पाचशे मैल होईस्तवर फटफटी ताशी तीस मैलांच्या वर न्यायची न्हाई. दर धा मैलांना सावलीत उभी करून निवू द्यायची. साहेब ऐकायचे न्हाईत, तुमी ध्यानात ठेवा.”

कोपरगावचा कानिफनाथ मिस्त्री हे सांगत होता तेव्हा मला हसू आलं. इंजिनाला कसलं आलंय बाळंतिणीसारखं पथ्य? मी बी.ए. झालेली, मिस्त्री लोकांची समजूत म्हणून सोडून दिलं.

माझे यजमान आबासाहेब कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. गावोगाव ऊस बघत फिरायला त्यांनी जुनी फटफटी घेतली आणि इंजिन नव्यानं बांधून आणलं. गाडीचा आधीचा मालक पाटात बुडून गेला होता. त्याचा जीव गाडीत अडकलाय, अशी गावात कुजबुज. माझ्या सासूबाईंनी, चांगुणाबाईंनी, हाय खाल्ली आणि भुतं उतरवणाऱ्या भस्मेबाबाला बोलावलं.

गुरुवारी मारुतीच्या पारापुढं सगळं गाव लोटलं. बाबा म्हणाला, “इंजिन चालू ठेवा. मला पाहून तो कसा थरथरतो ते बघा.”

बाबाचा चेला बन्सी वाकून इंजिनाला हळदकुंकू लावून गेला. दोन मिनिटं झाली नसतील, इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

“आगं बया, नरडंच दाबलं की तिचं!” शेजारच्या बनुबाई ओरडल्या.

ह्यांनी किक मारली. पाच, दहा, पंधरा. सदरा घामानं भिजला. मागून कुणीतरी विचारलं, “बाबा, भूत पेट्रोलवर चालतं का घासलेटवर?” माणसं हसली. बाबा वळला. “जो हसला, त्याच्या उंबऱ्यावर आधी जाईल.” हसू थांबलं.

मग बन्सीनं इंजिनाला राख चोळली. बाबानं गाडीभोवती सात फेऱ्या घातल्या, डोळे फिरवले, “सोड! सोड म्हणतो!” असा गरजला आणि ह्यांना म्हणाला, “मार.” पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. बायाबापड्यांनी जमिनीला डोकी टेकली.

“आता ह्याला पुरायला माझ्या मठापर्यंत बत्तीस मैल. कान पिळून, सुसाट न्यायची. वाटेत थांबायचं नाही. थांबलास की तो उतरेल, आणि उतरला की...” बाबानं माझ्या कडेवरच्या चार वर्षांच्या सुमीकडं पाहिलं, “हिला धरेल.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. “मिस्त्री तर म्हणतो, दर दहा मैलांना...”

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पण पोरीचं नाव निघालं आणि मी तिला छातीशी घट्ट धरलं. समजा खरं असलं तर? ह्या ‘समजा’पुढं माझं शिक्षण टिकलं नाही.

“थांबू नका,” मी म्हणाले. “काही झालं तरी थांबू नका.”

ते थांबले नाहीत. अकराव्या मैलापाशी समोरून एक बैलगाडीवाला येत होता. त्यानं नंतर सांगितलं, “फटफटी सुसाट आली आन् मागचं चाक धरल्यावानी जाग्यावर आवळलं. फिरंनाच. घसरत दगडावर गेली.” तिसऱ्या दिवशी नगरच्या इस्पितळात ते गेले.

बाबानं निरोप धाडला, ‘तो वाटेत थांबला असणार.’ गावानं मान डोलावली. सासूबाई दारात बसून तेच घोकत राहिल्या, “का थांबला रं माझा आबा?”

तेराव्यानंतर कानिफनाथ आला. पारापुढं गोणपाट पसरून त्यानं ह्यांच्या गाडीचं इंजिन उघडलं. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता, अंगावर खोल ओरखडे.

“बघा. नवा पिस्टन घट्ट आसतो, तापला की फुगतो. सुजल्या बोटात आंगठी रुतती ना, तसा रुतला. इंजिन आवळलं म्हून चाक आवळलं. साहेब कुटंबी थांबले न्हाईत. थांबले आसते तर...”

“मग आधी बंद कशी पडली? आन् राखेनं सुरू कशी झाली?” कारभारी पाटलांनी विचारलं.

कानिफनाथनं स्वतःची गाडी सुरू केली आणि टाकीखालचा पितळी कॉक फिरवला. “पेट्रोल बंद केलं. खाली कार्बोरेटरात घोटभर उरलंय, तेवढ्यावर चालंल.” आम्ही बघत उभे राहिलो. इंजिन खोकलं, बंद पडलं. पाटलांनी स्वतः किका मारल्या, उपयोग नाही. त्यानं कॉक उघडला, जरा थांबला. एका किकला गाडी चालू. राख नाही, मंत्र नाही.

“राखवाल्या काकांनी पण तेच पिरगाळलं होतं,” सुमी म्हणाली. “हळद लावताना. आणि राख लावताना पण.”

सासूबाई उठल्या, त्या चिकटलेल्या पिस्टनवर हात ठेवून म्हणाल्या, “थांबला न्हवता गं.”

बाबा घाबरवतो तेव्हा आपल्या काळजाच्या तुकड्याचं नाव घेतो, कारण तिथं माणूस विचार करायचा थांबतो. नेमकं तेव्हाच विचारायचं असतं: असं का? दाखव. पुन्हा करून दाखव. यंत्राला, देहाला, पिकाला जे नियम आहेत ते कुणाच्या राखेनं बदलत नाहीत. मी विचारलं नाही, आणि त्याची किंमत ह्यांनी मोजली.

बाबा आता राजूरच्या बाजूला गेल्याचं कळतं. तिथल्या राधाकृष्ण मास्तरांच्या फटफटीचं इंजिन कानिफनाथनंच मागच्या पंधरवड्यात बांधून दिलंय. मास्तरांच्या घरात तान्हं मूल आहे. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. राजूरच्या बाजाराला जाणारं कुणी हे वाचत असेल, तर कृपा करून त्यांच्या घरी डोकावून या. मास्तर घरी आहेत का, एवढं आधी बघा.