मिझु नव्हे, ओयु

मी एक जुना पितळी तांब्या आहे. भोरच्या तांबटाने मला ठोकून घडवले. राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावातल्या बनाबाईने मला आपल्या लेकाच्या, सावळारामच्या पडशीत घातले. तो पलटणीत निघाला होता. "परमुलखात कुणाच्या भांड्याला त्वांड लावू नगंस," एवढेच ती बोलली.

मित्रांनो, दुसऱ्या महायुद्धात आमची पलटण सिंगापूरला गेली; ते पडले आणि आम्ही जपान्यांचे कैदी झालो. पहारेकऱ्याचे बोलणे कळले नाही की थोबाडीत बसे. म्हणून सावळाराम त्यांचे शब्द वेचू लागला. कच्चा तांदूळ 'कोमे', शिजला की 'गोहान'. हे त्याला झटकन उमगले. भाताच्या मुलखातला गडी तो; आपल्याकडेही तांदूळ वेगळा नि भात वेगळा. पाणी म्हणजे 'मिझु'. पाण्यात आणखी काय शिकायचे, असे त्याला वाटले, आणि खरे सांगतो, मलाही.

मग कैद्यांच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली. उकळल्याशिवाय पाण्याचा थेंबही घेऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले. आमच्याच पलटणीतला, उत्रोलीचा गेनबा तापाने फणफणला होता, पाणी पाणी करत होता. चूल पेटायची ती फक्त जपान्यांच्या भटारखान्यात. सावळाराम मला घेऊन तिथे गेला. चुलीवर पाण्याचा हंडा खदखदत होता. "मिझु," म्हणून त्याने हात जोडले. आचाऱ्याने मला पिंपात बुडवले आणि नदीचे गार पाणी भरून दिले.

दारात पहारेकरी उभा होता. दिलेले ओतून टाकले तर त्याने हाडे मोडली असती. आणि रिकामा झाल्याशिवाय मी पुन्हा कसा भरणार? सावळारामने मला तोंडाला लावले. पिऊ नकोस रे, असे मला ओरडावेसे वाटले, पण तांब्याला कुठली वाचा! त्याने मला घटाघटा रिकामे केले आणि हंड्याच्या वाफेकडे बोट दाखवले.

"ओयु," आचारी म्हणाला आणि त्याने मला गरम पाण्याने भरले. गार असो की गरम, आपण त्याला पाणीच म्हणतो. त्यांच्या लेखी त्या दोन निराळ्या वस्तू.

त्या ओयुने गेनबा जगला. सावळारामला पटकीने नेले.

लढाई सरल्यावर गेनबाने मला पालीला पोचवले. बनाबाईने मला पदराने पुसले. "माज्या लेकाला ह्यातनं शेवटचं पानी पाजलंस न्हवं?" तिने विचारले.

गेनबाने मान खाली घातली. "त्यानंच मला पाजलं, आई."

मित्रांनो, परक्याची भाषा शिकताना एखादा शब्द फार सोपा वाटला, तर थांबा आणि पुन्हा विचारा. तुमच्यापाशी वेळ आहे. आमच्या सावळारामला तो मिळाला नाही.