शांतीचा हात

"भाऊजी, पाटाची फळी काढा. माझी कोबी माना टाकतेय."

धाकटी बांधावर उभी राहून सांगत होती आणि थोरला पाटात फळी घालून सगळं पाणी आपल्या वाफ्यात फिरवत होता. तिचा नवरा, म्हणजे ह्याचा पाठचा भाऊ, वारल्यापासून ह्यानं तिची पाण्याची पाळी हळूहळू गिळूनच टाकली होती.

"माझं भिजलं की सोडतो."

"तुमचं कधी भिजतच नाही."

"बाईमाणसानं बांधावर भांडू नये. लोक बघतात."

लोक म्हणजे मी एकटा, शेजारच्या रानात खुरपत होतो.

हा थोरला आमच्या ल्यूथरन मंडळीचा पंच. रविवारी कडक इस्त्रीचा सदरा घालून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसायचा. पापाची कबुली द्यायची वेळ आली की ह्याचा आवाज सगळ्यांच्या वर. इतक्या जोरात कबूल करायचा की वाटावं, हा आता घरी जाऊन कुणाचं तरी काहीतरी परत करणार.

धाकटीनं देवळात यायचं सोडलं. काही रविवार गेले आणि तिच्या दारात तिघं आले: थोरला, दुसरा पंच म्हणजे सुतार, आणि पाळकसाहेब. देवळावरचे पत्रे थोरल्यानं दिलेले, त्यामुळे पाऊस नसतानाही पाळकसाहेब त्याच्या आडोशालाच असायचे.

थोरल्यानं घसा साफ केला. "मंडळीचं सभासद असणं म्हणजे नुसतं नाव नसतं. उपासनेला यावं लागतं. प्रभुभोजन घ्यावं लागतं. मंडळीच्या कामाला हातभार लावावा लागतो. दृढीकरणाच्या दिवशी, सभासद होताना, तू तसं वचन दिलंयस."

"दिलंय, म्हणूनच येत नाही. मनात राग धरून प्रभूची भाकर घेऊ नये, असं शिकवलंत ना? माझ्या मनात राग आहे."

"मग क्षमा कर," पाळकसाहेब म्हणाले.

"करते. पाण्याचं काय?"

"पाणी हा शेताचा विषय, बाई. तो देवळात आणू नये."

सुतार आपल्या अंगठ्याकडे बघत बसला. धाकटीनं तिघांपुढं तांब्या ठेवला. थोरल्यानं तोही एकट्यानंच संपवला.

पुढच्या रविवारी ती आली. प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांचा हात हातात घेऊन 'शांती असो' म्हणायची आमची रीत. धाकटी उठली, सरळ पहिल्या बाकाशी गेली आणि तिनं थोरल्याचा हात धरला.

"शांती असो, भाऊजी."

"शांती असो." त्यानं हात ओढून बघितला. कुदळ धरून घट्टे पडलेला तिचा हात तो, सुटेना.

"फळी काढा."

"उपासना झाल्यावर बघू."

"मग भाकरही आपण दोघं उपासना झाल्यावरच बघू. मी क्षमा करून बसलेय. आता तुमच्याकडचं तेवढं राहिलंय."

थोरल्यानं पाळकसाहेबांकडं बघितलं, पाळकसाहेबांनी वर पत्र्यांकडं बघितलं. आता हे काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणार, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी हातातलं ताट वेदीवर ठेवलं, त्याच्यावर पांढरं फडकं टाकलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "जाऊन या. आम्ही थांबतो."

थोरला गेला. पॉलिश केलेल्या बुटांनिशी पाटाच्या चिखलात उतरला. आम्ही बाकांवर वाट बघत बसलो. परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भरलेला होता, आणि तसाच, लाल तोंडानं, धाकटीच्या शेजारी गुडघे टेकून त्यानं भाकर घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

फळी त्यानं पुन्हा लावली नाही. गावभर झालं होतं, लावतो कशाला? धाकटीची कोबी उभी राहिली.

पुढच्या बैठकीत मात्र पंचमंडळानं ठराव केला: यापुढं शांती देताना कुणी कुणाचा हात धरू नये, आपल्या जागेवरूनच मान लववावी. ठराव थोरल्यानं मांडला. कारण दिलं, स्वच्छता.