मुक्या पट्ट्या आणि निळा डोळा

त्या शुक्रवारी संध्याकाळी इंदिरानगरातल्या त्या सोसायटीच्या जिन्यात एवढ्या चपला साचल्या होत्या, की पायरी म्हणून दिसत नव्हती. लोक चपलांवर चपला काढत तिसऱ्या मजल्यावर चढत होते. भेळवाल्याने गाडी थेट गेटात लावली होती. देवळाली कॅम्पातून एक बाई गुडघा दाखवायला आली होती, एक गृहस्थ कोर्टाची तारीख विचारायला. आणि हे सगळं कशासाठी, तर हर्षालीच्या सिंथेसायझरच्या तीन पट्ट्यांसाठी.

पट्ट्या मुक्या होत्या. दसरा उलटला आणि मधल्या सप्तकातले गंधार, पंचम, धैवत एकामागून एक बसले. हर्षाली घरी मुलांना सिंथेसायझर शिकवायची, आणि या तीन सुरांशिवाय शिकवायचं म्हणजे दात नसताना चकली खायची. तरी बरं, वॉरंटी चालू होती. तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, प्लग लावलाय का?"

"लावलाय. बाकीच्या पट्ट्या वाजतात."

"एकदा बंद करून चालू करा."

"दहादा केलं."

"मग चोवीस तासांत आमचा माणूस येईल."

माणूस आला नाही. पुन्हा फोन केला, तर कंपनीने तिला गाणं ऐकवत ठेवलं. त्या गाण्यात गंधार, पंचम, धैवत सगळे खणखणीत वाजत होते. हर्षालीला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

"मॅडम, आमच्या सिस्टीमवर तुमची तक्रार सोडवली असं दिसतंय."

"कोणी आलंच नाही, तर सोडवली कोणी?"

"मग नवीन तक्रार नोंदवून घेऊ का?"

असं करत दिवाळी गेली. शेवटी माणूस शनिवारी सकाळी येणार असं ठरलं. वॉरंटीचा तोच शेवटचा दिवस.

तोवर हर्षालीच्या सासूबाईंनी, नवसाबाईंनी, भजनी मंडळात दुःख सांगितलं होतं. मंडळातल्या कोणीतरी घोटीकडचे नादबाबा आणले. बाबा पूर्वी लग्नाच्या वरातीत कॅसिओ वाजवायचे, असं कोणी म्हणालं तर भक्त म्हणत, तो पूर्वाश्रम. सोबत शिष्य बंटी. हा मागे भिंतीला टेकून, शाल पांघरून, मान खाली घालून जप करायचा.

बाबांनी पहिल्याच दिवशी मुक्या गंधारावर बोट ठेवलं आणि गंधार वाजला. हर्षालीने दाबला, मुका. बाबांनी पंचमाला नुसता स्पर्श केला, पंचम वाजला. खरं सांगायचं तर त्या क्षणी हर्षालीच्याही अंगावर काटा आला.

"मातेनं हे तीन स्वर आपल्यासाठी राखून ठेवलेत," बाबा म्हणाले. "सगळं व्हायब्रेशन आहे. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मान्य केलंय, आपलीच माणसं करत नाहीत. आणि हा बघा, कोपऱ्यात निळा डोळा उघडलाय. माता आली की डोळा उघडतो, गेली की मिटतो."

सिंथेसायझरच्या कोपऱ्यात खरंच निळा दिवा लागला होता. लोकांनी दिव्याला हात जोडले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला काजळ लावलं.

मंगळवारी बाबांनी पुढचं पाऊल टाकलं. "हे यंत्र आता संसारात राहायचं नाही. शुक्रवारी आरती झाली की मठात न्यायचं."

नवसाबाईंनी भरल्या डोळ्यांनी शब्द देऊन टाकला.

"आई, त्याच्यावर माझे वर्ग चालतात," हर्षाली म्हणाली. "शनिवारी माणूस येतोय. दुरुस्त होईल."

"देवीला दुरुस्त करती का तू?"

हर्षालीच्या नवऱ्याने, दीपकने, नेहमीप्रमाणे मधला रस्ता काढला. "आईने शब्द दिलाय, जाऊ दे. आपण दुसरा घेऊ."

"कशातून?" हर्षालीने विचारलं. तो पेपर उघडून बसला. आधीच वाचलेला.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि तेव्हा तिला तो निळा दिवा आठवला. तो दिवा ती रोज पाहायची. मुलांना शिकवताना ती आपला फोन ब्लूटूथने सिंथेसायझरला जोडायची; फोनच्या पडद्यावर पट्ट्या उमटतात, त्यांवर अंगठा टेकला की आवाज सिंथेसायझरमधून येतो. फोन जोडला गेला की निळा दिवा लागतो. पण मंगळवारी बाबांसमोर डोळा उघडला, तेव्हा तिचा फोन चार्जिंग संपून बंद पडला होता. मग दिवा कोणाच्या फोनने लागला? आणि मान खाली घालून, शालीत दोन्ही अंगठे हलवत कोणता जप करतात?

शुक्रवारी बाबा यायच्या आधीच डोळा उघडलेला होता.

"माता आधीच आली," गुडघेवाल्या बाई पुटपुटल्या. बाबा क्षणभर थबकले, पण वरातीत वाजवलेला माणूस, ताल सोडणार नाही. बंटी भिंतीला टेकला, मान खाली घातली. पुन्हा वर केली. शालीत काहीतरी जोरजोरात चोळू लागला. सिंथेसायझरला एका वेळी एकच फोन जोडता येतो, आणि तो आज हर्षालीच्या पदराआड होता.

"माते, बोल," म्हणत बाबांनी गंधारावर बोट ठेवलं.

सिंथेसायझर भुंकला.

सिंथेसायझरमध्ये घोडा, हेलिकॉप्टर, कुत्रा असे गमतीचे आवाज असतातच. हर्षाली स्वयंपाकघरात गेली की मुलं तोच कुत्रा वाजवायची. बाबांनी पंचमावर बोट ठेवलं. पुन्हा भुंकला. धैवताला हात लावताच तर अशी गुरगुर झाली की कोर्टाची तारीखवाले गृहस्थ दोन पावलं मागे सरले.

"मातेचं वाहन असेल," कोणीतरी हळूच म्हणालं.

"वाहन नाही, माझा अंगठा आहे," हर्षाली म्हणाली आणि फोन काढून नवसाबाईंच्या हातात दिला. "आई, ही पट्टी दाबा."

"मी नाय बाई."

"दाबून तर बघा. चावणार नाही."

नवसाबाईंनी भीत भीत अंगठा टेकवला. कुत्रा भुंकला. त्यांनी फोनकडे पाहिलं, सिंथेसायझरकडे पाहिलं, मग शालीत हात लपवलेल्या बंटीकडे. मग बाबांच्या तोंडाकडे बघत, एकेक करून, तीन वेळा दाबलं.

"बंटी बाळा," त्या म्हणाल्या, "शाल काढ. लय उकडत असंल तुला."

शालीतून फोन निघाला. पडद्यावर पट्ट्याच पट्ट्या. बाबा काही तरी कलियुगाबद्दल बोलत जिन्याकडे निघाले, आणि त्यांच्या चपला सापडेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात तिसऱ्या मजल्याने त्यांना जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"पण मग पट्ट्या बंद का पडल्या?" नवसाबाईंनी विचारलं.

हर्षालीने सिंथेसायझर उचलून तिरका केला. फटीतून टपटप तांदूळ पडले. कुंकवाने लाल झालेले. नवसाबाईंनी एक दाणा उचलून बोटांत फिरवला. दसऱ्याला सुनेच्या वाद्याची पूजा त्यांनीच केली होती, मूठभर अक्षता वाहून.

रात्री दीपक म्हणाला, "नीट हलवून सगळे तांदूळ काढ. त्या माणसाला कळणारही नाही."

"आज तीस माणसांसमोर खरं काढलं आणि उद्या मीच खोटं बोलू?"

शनिवारी कंपनीचा माणूस खरोखर आला. त्याने झाकण उघडलं आणि विचारलं, "आत काही सांडलं होतं का?"

हर्षाली बोलायच्या आधी नवसाबाई म्हणाल्या, "सांडलं नाय, वाहिलं. मी."

"मग हे वॉरंटीत बसत नाही, आजी. कुंकू-तांदूळ रबरावर बसलेत. साफ करून देतो, पण पैसे पडतील."

"देवाच्या तांदळानं वॉरंटी जाते का रे?"

"तांदूळ कोणाचे, हे कंपनी विचारत नाही."

नवसाबाईंनी बाबांच्या दक्षिणेसाठी बाजूला काढलेलं पाकीट आणून त्याच्यासमोर ठेवलं.

हर्षालीचा संताप काही गेला नाही. दिवाळीभर फोन, आणि शेवटी पैसे पदरचे. पण पट्ट्या साफ झाल्यावर नवसाबाई स्वतः पुढे आल्या. त्यांनी गंधार दाबला. वाजला. मग त्यांनी चष्मा सरसावला आणि कोपऱ्यात वाकून पाहिलं, निळा दिवा लागलाय का. दिवा बंद होता.

चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी तुम्हीही एवढंच करा. वाकून बघा, दिवा कोणी लावलाय. शालीत कोणाचे हात आहेत ते विचारा. आणि बिघाड सापडला, तो आपल्याच मुठीतून सांडलेला निघाला, तरी नवसाबाईंसारखं सांगून टाका.