आरशासमोरची अर्धी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी आणि अर्धी मोटार आहे. मोडून अर्धी झालेली नाही, मला घडवलेच अर्धे. एक डोळा, एक दार, अर्धे बॉनेट आणि अर्धे छत. माझी दुसरी बाजू आरशात असते. शिवाय मी खऱ्या मोटारीच्या पाव मापाची. गणिताची आवड असलेल्यांनी हिशेब करून पाहावा: आकारमानाने मी मोटारीचा एकशे अठ्ठाविसावा भाग भरते. तरीही मला गाडी म्हणण्याचा आग्रह लोकांनीच धरला, मी नाही.

मी मातीचा नमुना आहे आणि माती बोलत नाही, हेही मला मान्य आहे. त्यातून मी शेतातली माती नव्हे. मेण, तेल आणि बारीक पूड यांचे तपकिरी, किंचित गंधकाचा वास असलेले मिश्रण आहे. ऊब दिली की मऊ होते, गार झाले की घट्ट. ज्या बोटाने मला दाबले त्याचा ठसा पुन्हा ऊब मिळेपर्यंत माझ्यावर राहतो. याला कोणी स्मरण म्हणत असेल, तर तेवढे स्मरण माझ्यापाशी आहे. त्याहून अधिक दावा मी करत नाही.

माझा जन्म दिल्लीच्या पूर्वेच्या एका आरेखन संस्थेत झाला. तेव्हा तिथे मोहरीची शेते संपत होती आणि नव्या वसाहतींच्या पाट्या लागत होत्या. बाजार खुला होऊन काही वर्षे झाली होती. पूर्वी गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणारी माणसे आता कोणता रंग घ्यावा यावर भांडत होती. संस्थेत वाहनांचे आरेखन शिकवत आणि दर हिवाळ्यात हिरवळीवर जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरे. रेवती तिथे शेवटच्या वर्षाला होती.

रेवतीचे वडील दिलीपराव केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सारी नोकरी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. निवृत्तीनंतर त्यांनी गाझियाबादच्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला आणि आयुष्यातली पहिली गाडी घेतली: नवी कोरी, लहान, बुटकी. आता प्रश्न रेवतीच्या आईचा, सुनीतीबाईंचा होता. त्यांचे गुडघे दुखत. सरोजिनी नगरात दाराशी रिक्षा मिळे. त्या बहिणीकडे जात, पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या कार्यक्रमांना जात. नव्या वसाहतीत रिक्षा फिरकत नसे आणि बुटक्या गाडीत शिरायचे तर आधी डोके, मग एक गुडघा, मग "अगं आई गं" असा क्रम लागे. हळूहळू त्यांनी बाहेर जाणेच सोडले. "आज नको, उद्या बघू," असे त्या म्हणत.

रेवतीने ठरवले होते की आपल्या शेवटच्या वर्षाची गाडी आईला बसता येईल अशी करायची. आसन उंच, म्हणून छतही उंच. फोमच्या गाभ्यावर तिने मला उबदार थरांनी चढवले, पोलादी पट्ट्यांनी खरवडून आकार दिला आणि माझ्या मध्यरेषेशी आरसा उभा केला. मी प्रथमच पूर्ण दिसले.

"टिफिन," शेजारच्या टेबलावरून शार्दूल म्हणाला. तो तिचा वर्गमित्र, हात कुशल आणि जीभ त्याहून. "दोन अर्धे डबे मिळून एक पूर्ण डबा. पोळी-भाजी कुठे ठेवायची यार?"

"तुझी गाडी चप्पल आहे. पाय घालून चालवत ने," रेवती म्हणाली.

वर्ग हसला; पण टिफिन हे नाव मला चिकटले. रोज कोणीतरी माझ्यावर टिचकी मारून "खाना आ गया" म्हणे. मग रेवती रोज माझे छत थोडेसे खरवडू लागली. कागदाच्या जाडीइतके आज, तितकेच उद्या. इतक्या थोड्याने काय होते, असे प्रत्येक वेळी वाटते. बेरीज मात्र कोणी करत नाही. तिने माझ्यावर चंदेरी पातळ पापुद्रा ताणून बसवला, तेव्हा छतावरच्या नळीदिव्याची रेघ माझ्या अंगावरून कुठेही न अडखळता वाहत गेली. नमुना घडवणे शिकवणारे सूर्यकांत सर पुण्याचे, मितभाषी. ते म्हणत, "डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, तळहातावर ठेवा." त्यांनी डोळे मिटून माझ्यावरून तळहात फिरवला आणि मान डोलावली. ते चुकले असे मी म्हणणार नाही. तळहाताला पृष्ठभाग कळतो. गुडघा कळत नाही.

संस्थेत एक रिवाज होता. प्रदर्शनाच्या दिवशी बाहेरून परीक्षक येत आणि वर्गातला एक नमुना निवडत. त्याची फायबरची प्रतिकृती काढून ती वारशाच्या दालनात काचेमागे ठेवत. उरलेले सारे नमुने पुढेमागे खरवडून ओव्हनमध्ये जात, कारण ही माती परदेशातून येई आणि जपून वापरावी लागे. त्या वर्षी सर्वांचे बोट माझ्याकडे होते. शार्दूलही म्हणाला, "टिफिनची आउटलाइन मस्त झालीये, मानलं."

प्रदर्शनाची सकाळ उगवली. हिरवळीवर जुन्या गाड्या लागल्या होत्या: गोल पाठीच्या, मोठ्या डोळ्यांच्या, चकाकत्या पितळेच्या. प्रत्येकीभोवती दोरी आणि दोरीला पाटी, 'हात लावू नये'. लोक दोरीबाहेरून फिरत, मान तिरकी करून रेषांची स्तुती करत. इतक्या गाड्या आणि एकीतही माणूस नाही, हे कोणाला विचित्र वाटले नाही. आम्ही नमुने कडेच्या व्हरांड्यात आपापल्या आरशांसमोर उभे होतो.

सुनीतीबाई आल्या. लेकीचे काम पाहायचे म्हणून त्या दिवशी त्यांनी डोके, गुडघा आणि "अगं आई गं" हा सारा क्रम सोसला होता. त्या माझ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"छान आहे गं," त्या म्हणाल्या. "अगदी नव्या गाड्यांसारखी दिसते."

"आई, तुझ्यासाठी केलीये."

सुनीतीबाईंनी वाकून माझ्या खिडकीची उंची पाहिली आणि मग दिलीपरावांच्या गाडीच्या दिशेला पाहिले. "माझ्यासाठी? अच्छा," त्या म्हणाल्या. "मग डोकं कुठे ठेवायचं?"

टोमणा नव्हता तो. खरोखरची शंका होती. "तू फीर, मी जरा टेकते कुठेतरी," असे म्हणून सुनीतीबाई हिरवळीवर उतरल्या.

टेकायला जागा नव्हती. खुर्च्या साऱ्या पाहुण्यांच्या मांडवात गेल्या होत्या. व्हरांड्यासमोरच एक काळी, उंच गाडी होती आणि आतली गादी दिसावी म्हणून तिचे मागचे दार उघडे ठेवले होते. सुनीतीबाईंनी दोरी एका हाताने उचलली, गाडीकडे पाठ केली, पदर सावरला आणि बसल्या. मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घेतले. ना वाकणे, ना कण्हणे.

गाडीचे मालक भसीनसाहेब, पहाडगंजला त्यांचे हॉटेल होते, घाईघाईने आले. "माताजी, इसमें कोई बैठता नहीं."

"क्यों? बीमार है क्या?"

"बहुत पुरानी है, माताजी."

"मैं इससे भी पुरानी हूँ. मुझे तो कोई रस्सी नहीं बाँधता."

भसीनसाहेब हसले. मग दारावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मेरी माँ, हमारी बीजी, ऐसे ही बैठती थीं. पहले पीठ, फिर पाँव." आणि लगेच पुढे म्हणाले, "बैठिए, बैठिए. सीट भी तो याद करती होगी."

सीट आठवण काढते की नाही याविषयी माझे मत मी आधीच सांगितले आहे. पण रेवती व्हरांड्याच्या पायरीवर खिळून उभी होती. ज्या वारशाचे वर्ग तिने वर्षभर ऐकले, टिपणे काढली, त्याच्या रेषा तिला पाठ होत्या. त्या गाड्यांत माणसे कशी बसत, हे मात्र ती प्रथमच पाहत होती. सूर्यकांत सरही पाहत होते. त्यांनी खिशातून पोलादी टेप काढली, गुडघ्यांवर बसले आणि जमिनीपासून गादीपर्यंतचे, गादीपासून छतापर्यंतचे माप घेतले. "वहिनी, हलू नका जरा," एवढेच ते बोलले.

"फोटो काढताय की शिवायला माप घेताय?" सुनीतीबाईंनी विचारले.

रेवती ओव्हनकडे गेली. उबदार मातीचे गोळे घेऊन परतली आणि माझ्या छतावरचा चंदेरी पापुद्रा तिने एका ओढीत फाडला.

"मॅड आहेस का?" शार्दूल धावत आला. "परीक्षक जेवून येतायत. तूच निवडली जाणार आहेस, सगळ्यांना माहितीये."

"जेवू दे त्यांना सावकाश."

"अगं, खरवडायला वेळ तरी मिळणारे का? बोटं दिसतील."

"दिसू देत."

सर जवळ आले. त्यांनी तिला थांबवले नाही. दोन्ही मापांना चारने भागून आलेले आकडे त्यांनी सांगितले आणि ती अंगठ्याने माती दाबत गेली. छत चढले, दाराची चौकट उंचावली. जे महिनाभर कागदाकागदाने उतरले होते ते दुपारच्या जेवणाच्या वेळात परत आले. पण खडबडीत, अंगठ्यांच्या ठशांनी भरलेले. थोड्या वेळाने शार्दूल गोळे गरम करून आणून देऊ लागला.

परीक्षक आले. एकाने विचारले, "छताला काय झाले?"

"चुकले होते, दुरुस्त केले," रेवती म्हणाली. "इथे माझी आई बसते."

परीक्षकांनी आरशात पाहिले, मान तिरकी केली, काही लिहिले आणि पुढे गेले. निवड शार्दूलच्या नमुन्याची झाली. तो सुंदर होता, आजही काचेमागे आहे, आणि निवड अन्यायाची होती असे मला वाटत नाही. त्या संध्याकाळी मात्र भसीनसाहेबांनी आपली काळी गाडी काढली आणि सुनीतीबाईंना गाझियाबादपर्यंत सोडले. मोठा वळसा घेऊन त्यांच्या बहिणीच्या दारातही गाडी थांबवली, असे नंतर रेवती सरांना सांगत होती.

त्यानंतर माझी रवानगी पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत झाली. सरांनी मला ओव्हनमध्ये जाऊ दिले नाही. पण मला जपलेही कोणी नाही. आरसा वसतिगृहात दाढी करण्यासाठी गेला, तशी मी पुन्हा अर्धी झाले. दिल्लीचा जून काय असतो ते मेणाला विचारावे. दर उन्हाळ्यात माझे छत आपल्याच भाराने थोडेसे खचले. शार्दूलच्या टिचकीने जे झाले तेच पुढे सूर्याने केले. फरक एवढाच की सूर्याला घाई नव्हती. कोणी माझ्यावर शिडी टेकवली, कोणी रंगाचे डबे ठेवले.

मित्रांनो, बऱ्याच वर्षांनी आज मला पुन्हा उजेडात आणले आहे. रेवती आता याच संस्थेत शिकवते. सूर्यकांत सर निवृत्त झाले. नव्या वर्गाला माती कमी पडली, म्हणून शिवांगी नावाची विद्यार्थिनी पोलादी पट्टी घेऊन माझ्यापाशी उभी राहिली.

"मॅम, ही ठेवूया ना? हेरिटेज आहे," ती म्हणाली.

रेवतीने माझ्या छतावरच्या ठशांवर आपला अंगठा ठेवून पाहिला. अजून बसत होता. मग ती म्हणाली, "आकार खचलाय गं. सरांनी घेतलेलं माप भिंतीवर लिहिलंय. खरवड."

ते मी इथून पाहते आहे. वर्गाच्या मधोमध एक लाकडी सांगाडा आहे: आसन, दाराची चौकट आणि वर एक आडवी पट्टी, सारे त्याच खऱ्या मापाचे. नियम असा की माती हातात घेण्यापूर्वी प्रत्येकाने घरातल्या एका माणसाला आणून त्यावर बसवायचे. आज शिवांगीचे आजोबा आले आहेत, काठी घेऊन. त्यांना कसे बसायचे ते दाखवायला सुनीतीबाई आल्या आहेत. केस पांढरे झाले आहेत, आवाज तोच.

"पाठ आधी, आजोबा. पाय मागून येतात, त्यांना कुठे जायचंय?"

हे सांगेपर्यंत माझे बॉनेट गेले. छत आता जाते आहे. ऊब लागली की अंगठ्याचा ठसाही जाईल. मला याचे दुःख आहे असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. एक विनंती मात्र आहे. जुन्या वस्तूंना अवश्य जपा, पुसा, सावलीत ठेवा. पण दोरी बांधण्यापूर्वी एकदा ती दोरी उचला आणि ज्या माणसांसाठी त्या घडवल्या होत्या त्यांच्यापैकी कोणालातरी तिथे बसू द्या.

शिवांगी मला उबदार करून तिच्या फोमच्या गाभ्यावर चढवते आहे. तिने छतापासून सुरुवात केली आहे, आणि आजोबा अजून बसलेले आहेत.