न खाल्लेला गूळ

गोदूबाईने जन्मात कधी कुणाच्या काडीला हात लावला नव्हता, आणि साठी उलटल्यावर पोटच्या पोराने तिला चोर ठरवलं. कशाची चोर, तर गुळाची.

रोज सकाळी चहाच्या आधी जितेश तिचं बोट धरायचा, सुईच्या पेनाने टोचायचा, थेंब पट्टीवर घ्यायचा आणि मशीनवरचा साखरेचा आकडा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा वाचायचा. "दोनशे शहाऐंशी. काल काय हाणलंस आये?" गोळ्या वाढल्या, भात बंद झाला, कारल्याचा रस पिऊन पिऊन तोंडाची चव मेली. सून दिव्याने गुळाचा डबा कपाटात टाकून कुलूप लावलं. तरी आकडा खाली यायचं नाव नाही. मग म्हातारी चोरूनच खात असणार, दुसरं काय! पुतण्याच्या हळदीला तर जितेशने सगळ्या भावकीसमोर तिच्या पानातली जिलेबी उचलली. "हिच्यावर नजर ठेवा रे," म्हणाला, आणि माणसं खदखदून हसली. गोदूबाई भरल्या पानावरून उठली. मिठागरात राबून तिच्या पायांची सालटी निघाली होती, पण असा अपमान कुणी केला नव्हता.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि ऑपरेशन राहिलं बाजूला. काशीमीऱ्याच्या दवाखान्यात विनिता डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला.

"आजी, तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे. यकृताचा आजार. वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. त्याच्यामुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग कितीही पथ्य पाळा, साखर हटत नाही."

"म्हणजे न खाता वाढते?"

"न खाताही वाढते."

गोदूबाईने वळून पोराकडे पाहिलं. तो कागदात तोंड घालून बसला होता.

"कधी रक्त चढवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"ह्याच्या बाळंतपणात. दोन बाटल्या."

"तेव्हा रक्तात हा विषाणू तपासत नसत. तिथूनच आला असेल. बरा होतो, घाबरू नका. तीन महिने गोळ्या. साखरही बहुतेक आटोक्यात येईल."

जितेशला आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. त्याने खिशातून मशीनची पिशवी काढली. आईची लबाडी डॉक्टरांना दाखवायला आणली होती त्याने. "मॅडम, मी रोज चेक करतो. सगळे आकडे हायत यात."

बाईंनी पेन उघडून पाहिलं. "सुई कधी बदलता?"

"बोथट झाली की. महिना-दोन महिने जाते."

"आणि हे पेन फक्त आजींनाच?"

जितेशचं तोंड उतरलं. कारण दर रविवारी घोडबंदरच्या त्यांच्या ओट्यावर भावकी जमायची. आधी म्हातारीला टोचायचं, तिचा आकडा ऐकून हसायचं, मग त्याच सुईने काका, चुलत्या, दिव्या, शेवटी तो स्वतः. स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं, असं त्याला वाटायचं.

"हा आजार रक्तातून पसरतो. बाकीच्यांना झालाच असेल असं नाही," बाई म्हणाल्या, पण आवाज कडक झाला होता. "तपासायला मात्र सगळ्यांना हवं. एकूण एक."

रिक्षात जितेश हळूच म्हणाला, "आये, घरी कुणाला सांगू नको. मी बघतो कसं ते."

गोदूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं मूग गिळून बसलेली बाई, पण आता तिला गप्प बसायचं नव्हतं.

"मी न्हाय सांगणार. तूच सांगणार. आई गूळ चोरते, हे घरोघर तूच सांगितलंस ना? मग हेही तूच सांग."

"लोक काय म्हणतील?"

"मला काय म्हणत होते ते तू ऐकलंयस."

रिक्षा गावात शिरली तेव्हा जाऊबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. "काय गोदू, पुन्हा वाढली वाटतं," त्या हसत म्हणाल्या. पोराचं मनगट धरून गोदूबाईने त्याला त्यांच्यासमोर उभा केला आणि ते मनगट सोडलं नाही.

"बोल," ती म्हणाली. "अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोल."