मुकी पट्टी आणि तीन पीस

मी पियानो बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, पेटी नव्हे! धुळ्यात आल्यापासून तेरा वर्षं लोक मला पेटी म्हणतायत आणि तेरा वर्षं माझं डोकं फिरतंय. पेटी मांडीशी घेऊन बसता येतं. मला उचलायला सहा माणसं लागतात आणि त्यातला एक तरी पुढे आठवडाभर कंबर धरून फिरतो.

जन्म कुठला ते विचारू नका. झाकणावर कारखान्याचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. त्यातली तीनच अक्षरं उरली आहेत आणि त्यांचा काही अर्थ लागत नाही. मला कळायला लागलं तेव्हा मी दीपनगरकडच्या एका क्लबात होतो. डोक्यावर टेबल टेनिसच्या ढाली, अंगावर मखमली कापड. वर्षातून एकदा, कुणाचा वाढदिवस असला की, एक साहेब मला एका बोटाने टोचायचे. तेवढंच काय ते वाजणं. पण मान होता हो! शिपाई मला पुसायचा तो चपला बाहेर काढून.

मग क्लबातलं जुनं सामान निघालं. यादी करणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, कानामागची पेन्सिल काढली आणि लिहिलं, ‘लाकडी कपाट, एक नग, आवाज करणारे’. त्या दिवशी मी मेलो असतो तर बरं झालं असतं.

तौसिफने ते कपाट घेतलं. तौसिफ म्हणजे धुळ्याच्या रमजान टेलर मास्तरांचा मुलगा. त्याची पिकअप गाडी आहे. वडिलांच्या दुकानात कापडाचे तागे ठेवायला कपाट हवं होतं, म्हणून त्याने मला आणलं. झाकण उघडलं तर आत सगळ्या पट्ट्याच पट्ट्या. मास्तर म्हणाले, “अरे, याला कप्पे कुठेयत?” मग तागे माझ्या डोक्यावर ठेवले आणि विषय संपला.

दुकानातली नेहमीची गिऱ्हाईक ताईबाई. ती साक्रीकडच्या खेड्यातून झंपर शिवून घ्यायला येते. तिने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाकून पट्ट्या बघितल्या आणि म्हणाली, “हाई काय शे वं माय? बठ्ठा दात शेत, पन हासत नही!” सगळे दात आहेत म्हणे, पण हसत नाही!

मास्तरांची बायको सुगराबी. वय साठीच्या पुढे. चाळीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवलेली. घरात ही मंडळी आपसात हिंदी बोलतात, पण मला क्लबापासून मराठीची सवय, म्हणून त्यांचंही मी मराठीतच सांगतो. तर सुगराबी रोज मला पुसायची. पुसता पुसता एक पट्टी दाबायची, मग शेजारची. हळूहळू फडकं बाजूला राहिलं आणि दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसलं की, ती दोन्ही हातांनी वाजवायला लागली. पायही चालायचे. मशीनच्या सवयीने ती माझे खालचे पायटे असे काही दामटायची की मलाच वाटायचं, आता आपल्यातून उसवलेली बाही बाहेर येणार.

आता एक कबुली. माझी एक पट्टी मुकी आहे. मधल्या सा पासून उजवीकडे नववी. झालं असं की, मी आलो त्याच्या पुढच्याच वर्षी मास्तरांनी माप घेताना बोटातलं पितळी अंगुस्तान काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. सुई बोटात घुसू नये म्हणून शिंपी घालतात ना, ते टोपण. त्यांच्या उस्तादांची आठवण. ते गडगडलं, फटीतून माझ्या पोटात पडलं आणि त्या पट्टीच्या हातोडीत जाऊन अडकलं. मास्तरांनी सगळं दुकान उलटंपालटं केलं. शेवटी म्हणाले, “सुगरा, तूच कुठेतरी झाडून टाकलंस!” तेव्हापासून बोटात सुई टोचली की तेच वाक्य. बारा वर्षं! आणि ती बिचारी खाली मान घालून काज करत राहायची. मला फार वाईट वाटायचं, पण माझ्या पोटातलं मी सांगणार कसं? कुणालाच ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो.

मागच्या वर्षी पुनम मॅडम ब्लाऊज शिवायला आल्या. त्या शाळेत संगीत शिकवतात आणि पियानोच्या परीक्षेला मुलं बसवतात. मला बघून त्या केवढ्याने तरी किंचाळल्या. मग मला वाजवून पुन्हा किंचाळल्या, कारण माझे सूर उतरलेले. त्यांनी दोनच पट्ट्या दाबल्या आणि हात मागे घेतला. अपमानच, पण तेव्हा सोयीचा, कारण मुकी पट्टी त्यांच्या हाताला लागली नाही. तेवढ्यात सुगराबी म्हणाली, “मॅडम, या परीक्षेला वयाची अट आहे का?”

नव्हती. पहिल्या पायरीच्या परीक्षेला बहुतेक सात-आठ वर्षांची पोरं बसतात, पण अट अशी काही नव्हती. मास्तर आधी हसले, मग चिडले. माझ्या जागी त्यांना साडीला पिको-फॉल करायचं मशीन हवं होतं. ते म्हणाले, “बस तू परीक्षेला. पास झालीस तर ही पेटी इथे राहील. नापास झालीस तर दुसऱ्या दिवशी भंगारात. मग माझ्याशी बोलायचं नाही.”

“कबूल,” सुगराबी म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही.

परीक्षेच्या कागदावर लिहिलं होतं, ‘उमेदवाराने अ, ब आणि क या याद्यांतून प्रत्येकी एक, असे तीन पीस निवडावेत. पीस वेगवेगळ्या स्वभावाचे असावेत.’ आता वाजवायच्या धुनेला पीस म्हणतात हे टेलरच्या दुकानात कोण सांगणार? मास्तरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. “एवढंच ना? अरे, हे तर आपलंच काम!” लगेच तागे खाली आले. अ यादीला सुती शर्ट पीस, ब ला टेरिकॉटचा पँट पीस, क ला साटीनचा ब्लाऊज पीस. स्वभाव अगदी वेगवेगळे. ताईबाईने ऐकलं तेही अर्धवटच. दुसऱ्या खेपेला ती घरून कोंबडीची तीन पिसं घेऊन आली आणि माझ्या डोक्यावर ठेवून गेली.

इकडे पुनम मॅडमनी सुगराबीसाठी तीन सोप्या धुना काढल्या. ‘बदकाची चाल’, ‘झोका’ आणि ‘छोटा शिपाई’. त्यांनी आपल्या काखेतल्या प्लास्टिकच्या कीबोर्डवर त्या वाजवून दाखवल्या. बदक चार वेळा त्या मुक्या पट्टीवर पाय ठेवत होतं. झोका वर गेला की नेमका तिथेच. आणि शिपाई तर जागचा हलतच नव्हता, सारखा तीच पट्टी बडवत होता! म्हणजे परीक्षेत ठप, ठप, ठप. म्हणजे नापास. म्हणजे भंगार. संपलंच की सगळं!

सुगराबीने याद्यांचं पुस्तक ठेवून घेतलं. आठवडाभर ती एकेक पान शिवणाच्या टेबलावर पसरायची, हातात निळा खडू, गळ्यात टेप. कापड बेतायला घ्यावं तसं पान वरून खाली, डावीकडून उजवीकडे बघायची आणि कुठेकुठे खडूने फुली मारायची. मंगळवारी मॅडम आल्या तेव्हा तिने पुस्तक पुढे केलं.

“हे तीन.”

“चाची, हे?” मॅडम घाबरल्याच. “‘जंगलातली वाट’, ‘घड्याळजीचं दुकान’, ‘कोळ्याचं जाळं’? याद्यांतले सगळ्यात अवघड आहेत हे. पोरंसुद्धा घेत नाहीत. हात केवढा ताणावा लागतो!”

“ताणते.”

“पण सोपे सोडून अवघड का?”

“ते अंगाला बसत नाहीत, मॅडम.”

मी मनात म्हटलं, बाई गं, नशीब माझं! त्या तीनही धुनांत मुकी पट्टी एकदाही येत नव्हती. निव्वळ योगायोग. मी तसा भाग्यवानच आहे, असं मला उगाचच वाटून गेलं.

पाच महिने ती घासत होती. करंगळी ताणून ताणून सुजली. हळद लावायची आणि पुन्हा बसायची. पाय फार नाचायला लागले म्हणून मॅडमनी तिचा डावा पाय ओढणीने स्टुलाला बांधून ठेवला. एकदा तशीच ती गिऱ्हाईक आलं म्हणून उठली आणि स्टुलासकट शटरपर्यंत गेली.

परीक्षेचं केंद्र जळगावला. तिथे चांगला चकचकीत पियानो होता. पण सुगराबी अडून बसली. “दुसऱ्याच्या मशीनवर मी शिवत नाही.” हे मात्र मास्तरांना लगेच पटलं, कारण कुठलाच टेलर शिवत नाही. त्यांनी स्वतः माणसं जमवली आणि मला तौसिफच्या पिकअपवर चढवलं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. प्रत्येक खड्ड्याला मी सगळ्या पट्ट्यांनिशी बोंबललो. मागून येणारी एसटीसुद्धा बिचकून अंतर ठेवत होती.

जळगावला पोचलो तर परीक्षा दुसऱ्या मजल्यावर. माझ्याकडे बघून तिथल्या माणसाने हातच जोडले. शेवटी परीक्षक खाली आले. उंच, अतिशय सभ्य, पुस्तकात असतं तसं मराठी बोलणारे. स्टुलावर पाय देऊन ते पिकअपवर चढले, मला टेकू म्हणून लावलेल्या एका ताग्यावर बसले आणि म्हणाले, “आपण निवडलेले तीन पीस कृपया सांगाल का?”

मास्तर याचीच तर वाट बघत होते! त्यांनी तीनही पीस परीक्षकांच्या मांडीवर ठेवले.

“क्षमस्व, भेटवस्तू स्वीकारता येत नाहीत.”

“भेट कसली साहेब? परीक्षेचेच आहेत. हात लावून बघा. धुतल्यावर आटला तर नापास करा!”

पुनम मॅडमनी मास्तरांना दंडाला धरून खाली उतरवलं. ते खाली उभे राहून बराच वेळ “अ, ब, क, सगळं दिलंय” असं सांगत होते.

सुगराबीने बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरू केलं. वर खिडक्यांतून परीक्षेची पोरं बघत होती. ‘जंगलातली वाट’ नीट पार पडली. ‘घड्याळजीचं दुकान’ मध्यावर आलं तोच फोन वाजला. मास्तरांनी तो उचलून स्पीकरवर टाकला. ताईबाई ओरडत होती, “मना झंपर कोठे शे?” सुगराबीने हात न थांबवता सांगितलं, “खुंटीवर, हिरव्या पिशवीत!” आणि पुढच्या ठोक्याला बरोबर हजर. ‘कोळ्याचं जाळं’ तर असं विणलं की माझे उतरलेले सूरही लाजून थोडे वर आले असावेत. मी सुटलो, असं मला वाटलं.

पण नाही. शेवटी परीक्षक एक न पाहिलेली ओळ समोर ठेवतात आणि बघून वाजवायला सांगतात. ती ओळ ठेवली आणि मी गार झालो. मुकी पट्टी! एकदा नाही, दोनदा!

ती पट्टी आली. सुगराबीने दाबली. आतून काहीच आलं नाही, आणि त्याच क्षणी सुगराबीने तोंडाने सूर दिला, “आऽ”. पुढे वाजवत गेली. पुन्हा ती पट्टी, पुन्हा “आऽ”.

परीक्षकांनी चष्मा काढला. “ही पट्टी वाजत नाही?”

“नाही साहेब.”

त्यांनी तीन धुनांची पानं उलटसुलट बघितली. पुस्तकातल्या बाकीच्या पानांवरच्या निळ्या फुल्या बघितल्या. “आणि आपल्या तिन्ही पीसमध्ये ती एकदाही नाही. म्हणजे आपण मुद्दाम...”

“कापडात भोक असलं तर बेततानाच ते बाजूला टाकायचं, साहेब. पाठीवर येऊ द्यायचं नाही. कापडाची लाज जाते.”

अहो, योगायोग म्हणे! सुजलेली करंगळी, हळद, पाच महिने, ते सगळं माझं भोक झाकायला. आणि मी आपलं नशीब मिरवत बसलो होतो, ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याने निकाल आला. उत्तीर्ण. खाली शेरा होता, ‘दोन स्वर उमेदवाराने तोंडाने दिले. संपूर्ण परीक्षेत तेवढेच सुरात होते.’ हा टोमणा मला होता, कळतं मला. पण त्या दिवशी मी तो आनंदाने खाल्ला.

मास्तर शब्दाला पक्के. मी राहिलो. पिकोचं मशीनही आलं, आणि जागा नाही म्हणून ते माझ्याच डोक्यावर बसलं. दिवसभर कानाशी घर्र घर्र चालतं. ताईबाईची पिसं त्याच्याखाली दबली आहेत. चालायचंच.

परवा पुनम मॅडम म्हणाल्या, “पुढच्या परीक्षेआधी कारागीर बोलावून ती पट्टी दुरुस्त करून घेऊ.” मास्तर लगेच म्हणाले, “कारागीर कशाला? मी उघडतो की!” सुगराबी म्हणाली, “नको. राहू द्या तशीच.” आणि मॅडमना चहा आणायला आत गेली.

दुपारी मास्तर नमाजला गेले. दुकानात आम्ही दोघंच. ती फडकं घेऊन आली आणि त्या नवव्या पट्टीवरून दोनदा हात फिरवला.

“अंगुस्तान आत पडताना मी बघितलं होतं,” ती मला म्हणाली. “सांगितलं असतं तर त्यांनी हातोडा घेऊन तुला तिथेच उघडलं असतं. घड्याळ उघडलं होतं त्यांनी एकदा. ते अजून डब्यात आहे.”

बारा वर्षं! बारा वर्षं ती माझ्यासाठी बोलणी खात होती आणि मी समजत होतो की तिला काही ठाऊकच नाही.

तेव्हा एवढीच विनवणी. कधी धुळ्याला आलात आणि रमजान मास्तरांकडे कपडे शिवायला टाकलेत, तर माप देताना ते तुम्हाला अंगुस्तानाची गोष्ट सांगतील आणि बायकोकडे बोट दाखवतील. तुम्ही नुसती मान हलवा. माझ्याकडे बघू नका. मला पेटी म्हणा, कपाट म्हणा, काय वाटेल ते म्हणा, मी आता रागावणार नाही. पण ती पट्टी बिघडलीय असं मात्र म्हणू नका. ती सुगराबीसारखी गप्प बसली आहे.